घरी बसलेला भाचा

आमची ताई वरणगावला दिलेली. भुसावळहून नागपूरच्या बाजूला निघाले की थोड्याच वेळात हे गाव लागते. तापीखोऱ्यातला हा टापू बाहेरच्या लोकांना ठाऊक असतो तो भुसावळच्या रेल्वेमुळे, केळीमुळे, नाही तर भरताच्या वांग्यांमुळे. आणि वरणगाव ठाऊक असते ते तिथल्या आयुध निर्माणीमुळे. गावात मात्र एवढे भारदस्त नाव कोणी घेत नाही. नुसते 'फॅक्टरी' म्हटले की पुरे. बंदुकीची काडतुसे करणाऱ्या या फॅक्टरीत आमच्या भाऊजींची सारी नोकरी झाली. पाळीची वेळ झाली की डबा घेऊन निघायचे, पाळी सुटली की परत यायचे. काम कशाला म्हणतात याविषयी त्या घराची कल्पना ही अशी पक्की.

आणि त्याच घरात आमचा भाचा वेब डेव्हलपर निघाला!

पुण्यातल्या एका लहानशा कंपनीत तो लागला. 2020च्या मार्चमध्ये टाळेबंदी झाली, तसा लॅपटॉप पाठीला अडकवून घरी आला, आणि कंपनीने "तिकडूनच काम कर" म्हटले म्हणून घरीच राहिला. पगार वेळच्या वेळी येतो. पण ताईच्या मनाला काही स्वस्थता नाही. "लोक विचारतात रे," ती मला दर फोनला सांगायची. "मुलगा काय करतो? तर घरी असतो. एवढं ऐकलं की पाहुणे चहा पिऊन उठतात. मी तरी काय सांगू? दिवसभर त्या डबड्यापुढे बसून असतो. तू शिकवणारा माणूस, तूच एकदा बघ तो काय करतो ते."

गेल्या वर्षी दिवाळीआधी कॉलेजचे सत्र संपले. मराठीच्या उत्तरपत्रिकांचा गठ्ठा बगलेत मारून मी आठवड्याभरासाठी ताईकडे गेलो. खरे सांगायचे तर माझेही मत ताईपेक्षा फार निराळे नव्हते. या मुलाचा मराठीशी आता काय संबंध उरला असणार, असेच मी धरून चाललो होतो.

सोमवारी सकाळी दहाच्या ठोक्याला भाचा लॅपटॉपपुढे बसला. पडद्यावर चौकोनाचौकोनांत चार-सहा चेहरे उमटले. काल काय केले, आज काय करणार, कुठे अडले आहे, एवढे तिघाचौघांनी सांगितले आणि पंधरा मिनिटांत सभा संपली. आमच्या कॉलेजातल्या सभा आठवून मला त्याचा हेवा वाटला.

त्या आठवड्यातले त्याचे काम असे होते. एका सहकारी संस्थेचे सभासद खानदेशात आणि वऱ्हाडात पसरलेले. त्यांना दिवाळीपूर्वी लाभांश द्यायचा होता. सभासदाने संस्थेच्या संकेतस्थळावर आपले नाव शोधायचे, बँकेतल्या खात्याचा क्रमांक भरायचा आणि पावती घ्यायची. शनिवारी रात्री मुदत संपायची होती. हे संकेतस्थळ भाच्याच्या कंपनीने केलेले, आणि आठवडाभर ते धडपणे चालते ठेवण्याची जबाबदारी त्याची. कुणाच्या जुन्या फोनवर बटण दिसत नाही, कुणाला पावती उतरवून घेता येत नाही, अशा तक्रारी एकामागून एक यायच्या. प्रत्येकीला क्रमांक असायचा. तो एक निस्तरायचा तोवर दोन नव्या यायच्या. मध्येच वीज जायची. मग इन्व्हर्टर, आणि इंटरनेटही गेले तर फोन घेऊन गच्ची.

"एवढं करून तू बदललेलं लगेच लोकांना दिसतं का?" मी विचारले.

"नाही मामा. दुसरा कोणी तपासल्याशिवाय पुढे जात नाही. आणि कोणी, कधी, कोणती ओळ बदलली याची नोंद कायम राहते. चूक झाली तर मागे जाता येतं." ही नोंदवही ठेवणाऱ्या साधनाचे नाव गिट. लायनस टोरव्हाल्ड्सने ते 2005 साली केले, हेही त्याने सांगितले.

मी उत्तरपत्रिकांकडे बघितले. आमच्याकडे एकदा दिलेल्या गुणांची खाडाखोड करायची तर केवढा उपद्व्याप!

रात्री जेवणानंतर माझ्या फोनवर त्याचे दुवे येऊ लागले. दुवा म्हणजे ज्यावर बोट ठेवले की निराळे पान उघडते तो. "दिवसा तुम्हांला वेळ देता येत नाही, म्हणून हे वाचा," असे वर लिहिलेले. एका दुव्यात टिम बर्नर्स-ली यांची हकीगत होती. जिनिव्हाजवळच्या सर्न या प्रयोगशाळेत 1989 साली त्यांनी या जाळ्याची कल्पना मांडली आणि 1991 साली जगातले पहिले संकेतस्थळ लोकांसाठी खुले झाले. दुसऱ्यात ब्रेंडन आइक यांची. आज बहुतेक संकेतस्थळांना हालचाल देणारी जावास्क्रिप्ट ही भाषा त्यांनी 1995च्या मे महिन्यात अवघ्या दहा दिवसांत उभी केली. दहा दिवसांत भाषा! आम्ही दहा दिवसांत एक धडा संपवत नाही.

मंगळवारी रात्री दुव्याच्या जागी कोडे आले. "मामा, 'रामाला भाला मारा' हे वाक्य उलटे वाचले तरी तेच राहते. पण माझे यंत्र म्हणते, राहत नाही. का?"

हे वाक्य लहानपणी कोणी म्हटले नसेल? मी बोटांवर मोजले. रा, मा, ला, भा, ला, मा, रा. सात अक्षरे, उलटी घ्या, सुलटी घ्या, तीच. "तुझं यंत्र खुळं आहे," मी त्याच्या खोलीत जाऊन सांगितले.

त्याने मला पडद्यासमोर बसवले आणि वाक्य उलटे करण्याची आज्ञा दिली. उत्तरात पहिल्यानेच एक ठिपक्यांचे वर्तुळ आले आणि त्याला लटकलेला एक पोरका काना! "यंत्राला सात अक्षरे दिसतच नाहीत, मामा. र वेगळा, काना वेगळा. म वेगळा, काना वेगळा. अशी चौदा चिन्हं. उलटं केलं की शेवटचा काना पहिला येतो, आणि त्याला धरायला अक्षरच नसतं." मग त्याने 'वरणगाव' उलटे केले. यायला हवे होते 'वगाणरव', आले 'वागणरव'. 'ग'चा काना सरळ 'व'ला जाऊन चिकटला होता.

मला मोठी मौज वाटली. अक्षरे मोजणे हा तर माझा धंदा. शार्दूलविक्रीडिताच्या चरणात एकोणीस अक्षरे, भुजंगप्रयातात बारा, हे मी वर्षानुवर्षे फळ्यावर मोजून दाखवतो. 'ज्ञानेश्वर' या नावात अक्षरे चार. यंत्राला विचारले तर ते म्हणाले, दहा. ज, पाय मोडण्याची खूण, ञ, काना, न, मात्रा, श, पुन्हा पाय मोडण्याची खूण, व आणि र.

भाच्याने खुलासा केला. जगातल्या सगळ्या लिप्यांतल्या चिन्हांना एकेक क्रमांक देणारी युनिकोड नावाची व्यवस्था आहे. तिची पहिली आवृत्ती 1991 सालची. त्याच वर्षी आपल्या देशाने भारतीय लिप्यांसाठी इस्की हे प्रमाण मानक म्हणून मान्य केले. युनिकोडमधली देवनागरीची मांडणी इस्कीच्याच आधीच्या, 1988च्या आराखड्यावरून घेतलेली. देवनागरीच्या मुख्य कप्प्यात जागा 128. खिळे जुळवणाऱ्यांच्या काळात जोडाक्षरांसाठी केवढे खण लागत! इथे जोडाक्षराला जागाच नाही. ते सुट्या चिन्हांतून ऐन वेळी जुळते. ते कसे जुळावे आणि कसे दिसावे हे ठरते अक्षराच्या वळणात. मराठी सुलेखनकार र. कृ. जोशी यांनी मायक्रोसॉफ्टसाठी 'मंगल' हे वळण केले आणि विंडोज 2000 बरोबर ते घरोघरी पोचले, हे मी त्या रात्री प्रथम वाचले. मराठीच्या प्राध्यापकाला हे भाच्याने पाठवलेल्या दुव्यावरून कळावे!

"मग यंत्राला अक्षर कळायचंच नाही का?"

"आता कळायला लागलंय. अक्षर कुठं तोडायचं याचे नियम आहेत. पण 2023 सालापर्यंत त्या नियमांनीही 'क्ष'चे दोन तुकडे व्हायचे. त्या वर्षीच्या 15.1 या आवृत्तीत आपल्या जोडाक्षरांसाठी नियम घातला."

पहिलीच्या वर्गात बाईंनी शिकवलेली गोष्ट जगाच्या नियमावलीत यायला 2023 साल उजाडले होते!

इथवर सगळी गंमत होती. बुधवारी तिला निराळे वळण लागले.

दुपारी शेजारच्या आजी पदराला हात पुसत आल्या. आडनाव बऱ्हाटे, आमच्या या भागात हे आडनाव पुष्कळ सापडते. दारातूनच त्यांनी नेहमीप्रमाणे विचारले, "काय करू ऱ्हायला रे पोरा?" आणि उत्तराची वाट न पाहता फोन पुढे केला. त्यांच्या यजमानांनी फार वर्षांपूर्वी त्याच संस्थेचे भाग घेतले होते. ते गेल्यावर भाग आजींच्या नावावर झाले. नातवाने फोनवर नाव टाकून पाहिले, तर उत्तर आले : या नावाचा सभासद नाही.

"मले तं काही समजत नाही रे भाऊ," आजी म्हणाल्या. "दरसाल पैसे येतात. यंदा नाव काढून टाकलं का त्यांनी? हे गेले तशी मीबी गेली असं समजले का?"

रक्कम काही मोठी नव्हती. पण यजमानांच्या मागे ते नाव त्या कागदावर होते, त्याला आजींच्या लेखी फार मोल होते. भाच्याने मूळ यादी उघडली. नाव तिथे होते! नीट, स्वच्छ, बऱ्हाटे. नातवाने टाकलेले नावही तेच. मी चष्मा पुसून दोन्ही पुन्हा पुन्हा वाचली. एका मात्रेचा फरक नाही. तरी यंत्र म्हणत होते, ही दोन नावे वेगळी आहेत.

आजींना चहा देऊन ताईने घरी धाडले. संध्याकाळच्या बैठकीत भाच्याने ही अडचण मांडली, तेव्हा पलीकडून वरिष्ठ म्हणाले, "एखाद-दुसरं नाव असेल. शनिवारपर्यंत वेळ नाही. दिवाळीनंतर बघू." भाचा शांतपणे म्हणाला, "सर, एखाद-दुसरं आहे की नाही तेच बघतो. रात्री बघतो, दिवसाचं काम अडवत नाही."

जेवताना तो गप्प होता. मीच विचारले, "अरे, काल तू चिन्हं मोजली होतीस. या दोन नावांची मोजून बघ की."

त्याने हातातला घास खाली ठेवला आणि उठला. नातवाने टाकलेल्या नावात चिन्हे निघाली सात. यादीतल्या नावात आठ!

डोळ्यांना एकच दिसणाऱ्या नावात हे आठवे चिन्ह कोणते? त्याची उकल अशी. 'बऱ्हाटे'मधला तो चंद्रकोरीसारखा अर्धा र मराठीचे खास लेणे. तो यंत्रात लिहिण्याच्या दोन रीती आहेत. एक रीत 1996च्या, युनिकोडच्या दुसऱ्या आवृत्तीच्या काळची : साधा र घ्यायचा, त्याचा पाय मोडायचा आणि पुढे एक न दिसणारे जोडचिन्ह ठेवायचे. दुसरी आजची रीत : या र साठी वेगळे, बुडाशी टिंब असलेले अक्षर आहे, ते घेऊन त्याचा पाय मोडायचा. दोहोंचे रूप पडद्यावर एकच. संस्थेची यादी कोणी जुन्या काळी जुन्या रीतीने भरलेली. नातवाच्या फोनने नव्या रीतीने लिहिले. आपण बघतो रूप. यंत्र बघते क्रमांक. आणि अशी नावे एखाद-दुसरे नव्हती. बऱ्हाटे, गोऱ्हे, कऱ्हाडे, वऱ्हाडे अशी पडदाभर नावे निघाली. ती सगळी माणसे कुठेकुठे फोन हातात घेऊन 'आपले नाव काढून टाकले' म्हणत बसली असणार!

गुरुवारी पहाटे मी उठलो तेव्हा भाचा खुर्चीतच डुलक्या घेत होता. मला पाहताच म्हणाला, "सापडलं, मामा! ते न दिसणारं चिन्ह उडवलं, आणि टिंबाच्या र च्या जागी साधा र घातला. दोन्हीकडे एकच झालं. आजींचं नाव लागतं आता."

पडद्यावर पावतीचा नमुना होता. मी वाचला, आणि माझ्यातला परीक्षक जागा झाला. "हे 'बर्हाटे' कोण?" मी विचारले. कोर गेली होती आणि ह च्या डोक्यावर रफार बसला होता.

"थोडं वेगळं दिसतं खरं. पण शोध लागतो ना!"

"बाबा रे, हे दिसण्यापुरतं नाही," मी म्हणालो. "कागद घे. आचार्य या शब्दाचं 'आचार्यांना' होतं, आणि आचारी या शब्दाचं 'आचाऱ्यांना'. तुझ्या या युक्तीनं लग्नातला आचारी थेट आचार्य होऊन बसेल. दऱ्या म्हणजे डोंगरातल्या; दर्या म्हणजे समुद्र. मराठीनं ही कोर हौसेखातर ठेवलेली नाही. आणि बँकेच्या पुस्तकात आजी बऱ्हाटे असतील, तर तुझ्या पावतीवर त्या दुसऱ्याच कोणी होतील. आज सापडलेलं नाव उद्या पुन्हा हरवेल."

तो माझ्याकडे बघत राहिला. मग हसून म्हणाला, "मामा, तुम्ही अशा चुकीला किती गुण कापता?"

"अर्धा."

"माझं यंत्र सगळेच कापतं."

त्याने रात्रीचे काम पुसले. ही मागे जाण्याची सोय मला त्या दिवशी खरी पटली. मग नव्याने योजना केली : साधा र, पाय मोडण्याची खूण आणि न दिसणारे चिन्ह ही तिन्ही याच क्रमाने आली, तरच त्या जागी टिंबाचा र घालून पाय मोडायचा. एरवी र ला हात लावायचा नाही. हा नियम यादीलाही आणि शोधणाऱ्याने टाकलेल्या नावालाही. परीक्षेसाठी शब्द मी दिले : आचार्य, आचाऱ्याला, दर्या, दऱ्या, सूर्य, सुऱ्या, वऱ्हाड, कर्ज, वारकऱ्यांचा. उत्तरपत्रिका बाजूला ठेवून मी दिवसभर शब्द शोधत होतो, आणि तो एकेक यंत्राला घालून पाहत होता. ताई दोनदा येऊन दारात उभी राहिली. "तुम्ही दोघं मिळून करता तरी काय?" तिने विचारले. "र सांभाळतोय," मी म्हणालो. ती कपाळाला हात लावून गेली.

शुक्रवारी पुण्याच्या सहकाऱ्याने काम तपासले, दोन ठिकाणी शंका काढल्या. त्या फेडता फेडता वीज गेली. मग गच्चीवर, फोनच्या जोरावर, रात्री साडेनऊला बदल रवाना झाला. वरिष्ठांचा निरोप आला : "बरे झाले, थांबला नाहीस."

शनिवारी सकाळी आजींना बोलावले. नातवाने नाव टाकले, आणि ते पडद्यावर आले. खात्याचा क्रमांक भरला, पावती आली. आजींना वाचता येत होते. त्यांनी पडद्यावरच्या आपल्या नावावरून एकदा बोट फिरवले. "हाये," एवढेच म्हणाल्या. मग भाच्याच्या डोक्यावर हात ठेवून पुटपुटत बराच वेळ उभ्या राहिल्या.

भाऊजी आतापर्यंत वर्तमानपत्राआडून सगळे ऐकत होते. आजी गेल्यावर म्हणाले, "म्हणजे दोन्ही नावं डोळ्यांना एकसारखी, पण मापात वेगळी. असंच ना?"

"हो बाबा."

"आमच्याकडं काडतुसांचं असंच. दोन शेजारी ठेवली तर तुम्हांला काही फरक दिसणार नाही. गेज लावला की कळतं कुठलं बाद. डोळ्यावर विसंबलं की घात होतो." मग ताईकडे वळून म्हणाले, "पोरगा तपासणी खात्यात आहे म्हणून सांगत जा. खोटं नाही त्यात काही."

बापलेकांमध्ये कामाविषयी असे बोलणे मी त्या घरात प्रथमच ऐकले. ताईने काही उत्तर दिले नाही. पण त्या दिवशी त्याचे दुपारचे ताट तिने त्याच्या टेबलावर नेऊन दिले. आणि कळण्याची भाकरी नि भरीत वाढताना 'डबडे' हा शब्द काही तिच्या तोंडून आला नाही.

रविवारी मी निघालो. गठ्ठ्यातल्या निम्म्या उत्तरपत्रिका तशाच होत्या. स्टेशनवर सोडायला आलेला भाचा म्हणाला, "मामा, रात्री एक दुवा पाठवतो."

गाडीत मला त्या शब्दाचेच नवल वाटत राहिले. दुवा म्हणजे सांधणारी कडी. आणि दुवा म्हणजे आशीर्वाद. शनिवारी त्याच्या डोक्यावर हात ठेवून आजी पुटपुटल्या तो दुवाच. या दोन्ही शब्दांतली चिन्हे तीच, क्रमांक तेच. यंत्राच्या लेखी दोन्ही एक. वेगळे आहे ते माणसाला कळते. एकच नाव यंत्राला दोन वाटले, तेव्हा भाचा लागला. दोन रूपे एक करताना अर्थ जाऊ लागला, तेव्हा मामा लागला. आमच्या भाषेला आता दोघेही हवे आहेत. वर्गात हे मी आता सांगतो. पोरे आधी हसतात, मग 'ज्ञानेश्वर' मोजू लागतात.

पाहुण्यांनी विचारले तर ताई आता काय सांगते, ते मी विचारलेले नाही. पण परवा फोनवर म्हणाली, "तो कामावर आहे, नंतर कर."

आता वाचकांसाठी दिवाळीचे कोडे. वरणगावच्या पुढे, त्याच महामार्गावर मुक्ताईनगर आहे. या नावात तुम्ही किती अक्षरे मोजता, आणि यंत्र किती चिन्हे मोजील? फराळ संपेपर्यंत खालची ओळ झाकून ठेवावी.

उत्तर : आपली अक्षरे सहा, यंत्राची चिन्हे दहा.